ताओ साधना सुरू करायचीये? आधी गाळ काढायला शिका

कंपनीच्या कामानिमित्त मी साडेतीन वर्षं चीनमध्ये सिच्वान प्रांतातल्या चेंगदूला होतो. पाच दिवस ऑफिस, आणि शनिवार-रविवारी काय करायचं हा प्रश्न, कारण भाषा येत नव्हती आणि जेवणात सगळीकडे ते जीभ बधिर करणारं सिच्वानचं मिरं (कोकणातल्या लोकांना लगेच कळेल, आपल्या तिरफळाचं भावंड). मग फिरायला लागलो. शहरातच ताओ धर्माचं एक मोठं देऊळ, आणि ट्रेनने तासाच्या आत चिंगचेंग डोंगर, जिथे हा धर्म संघटित स्वरूपात वाढला. जाण्याआधी मला ताओबद्दल जे काही माहीत होतं ते काकांकडच्या ओशोंच्या कॅसेटमधून. लाओत्से नावाचा म्हातारा, म्हशीवर बसून निघून गेला, वगैरे.

पहिले सहा महिने मी चुकीच्या गोष्टी करण्यात घालवले. एका ठिकाणी पैसे घालवले आणि डावा गुडघा दुखावून घेतला तो वेगळाच. आता परत आल्यावर ओळखीचे चार-पाच जण विचारतात की ताओ साधना म्हणजे नक्की करायचं काय, आणि करून होतं काय, तर प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतो. मी कुणी गुरू नाही, दीक्षाही घेतलेली नाही. धडपडून जे कळलं ते सांगतोय.

१. आधी नावांचा घोळ मिटवा

ताओ आणि दाओ एकच. इंग्रजी स्पेलिंग बदललं म्हणून दोन वाटतात. गंमत म्हणजे चिनी उच्चार आपल्या 'त' च्या खूप जवळ आहे, त्यामुळे 'टी लिहायचा की डी' या भानगडीत आपल्याला पडायचं कारणच नाही. बाकीचे शब्द मात्र मी इंटरनेटवर सापडतात तसेच लिहिलेत, म्हणजे शोधायला सोपं.

अर्थ? रस्ता. एवढा साधा. चेंगदूच्या सगळ्यात मोठ्या रस्त्यांपैकी एकाचं नाव थ्येनफू दादाओ, त्यातला 'दाओ' हाच. मी रोज त्या रस्त्याने ऑफिसला जायचो आणि घरी येऊन 'ताओ म्हणजे काय' यावर व्हिडिओ बघत बसायचो.

या शब्दाचं भाषांतर कसं करायचं यावर तेराशे वर्षांपूर्वीच भांडण झालंय, आणि त्यात आपला एक ओळखीचा माणूस आहे. शाळेच्या इतिहासातला ह्युएन त्संग, पुलकेशी दुसऱ्याच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेलेला, तोच. परत गेल्यावर, इ.स. ६४७ मध्ये, सम्राटाने त्याला कामरूपच्या राजासाठी लाओत्सेच्या पुस्तकाचं, म्हणजे ताओच्या मूळ ग्रंथाचं, संस्कृत भाषांतर करायला सांगितलं. सोबत ताओवाले पंडित दिले. ते म्हणाले ताओसाठी 'बोधी' वापरा. ह्युएन त्संग अडून बसला की नाही, ताओ म्हणजे 'मार्ग', बोधी हा आम्हा बौद्धांचा वेगळा शब्द आहे. ते भाषांतर आज कुठे सापडत नाही, पण माझ्या मते मुद्दा ह्युएन त्संगचाच बरोबर होता. मार्गच म्हणा. आणि आपल्या वारीच्या मुलखात तर मार्ग आणि पंथ हे शब्द कुणाला समजवायला लागत नाहीत.

पहिला सापळा इथेच आहे: ताओ = ब्रह्म, ची = प्राण, वू वेइ = निष्काम कर्म, अशी जोडीची यादी करून टाकायची आणि 'अरे, हे तर आपल्याकडे आहेच' म्हणून मोकळं व्हायचं. मी हे केलंय. त्याने फक्त एवढंच होतं की नवीन काही कानात शिरतच नाही.

२. साधना कशासाठी, हे आधी ठरवा

ही पायरी लोक सोडतात आणि सरळ मांडी घालून बसतात. पण ताओत 'कशासाठी' याचं एकच उत्तर नाही, निदान तीन आहेत, आणि तुम्ही कुठल्यासाठी आलात ते माहीत नसेल तर भलत्याच वर्गात जाऊन बसाल.

पहिलं उत्तर पुस्तकातलं. लाओत्सेच्या ४८व्या प्रकरणात म्हटलंय की विद्या शिकणारा रोज काहीतरी मिळवतो, ताओच्या वाटेवरचा रोज काहीतरी कमी करतो. कमी करत करत वू वेइपर्यंत पोचतो, म्हणजे ओढून-ताणून, रेटून करणं संपतं. हे वाचून मला काहीही कळलं नव्हतं. कळलं ते दुजियांगयानला.

दुजियांगयान चेंगदूजवळच आहे. इ.स.पूर्व २५६ च्या सुमाराला ली बिंग नावाच्या अधिकाऱ्याने तिथे मिन नदीचं पाणी वळवलं, आणि ती व्यवस्था आजही चालू आहे, अख्ख्या चेंगदूच्या मैदानाला पाणी त्यावरच. गंमत म्हणजे तिथे मूळच्या रचनेत नदी अडवणारं धरण नाही. नदीच्या मध्ये माशाच्या तोंडासारखा एक बांध, तो प्रवाहाचे दोन भाग करतो. नदीच्या वळणाने गाळ आपोआप बाहेरच्या प्रवाहात जातो, आणि उरलेलं जास्तीचं पाणी आणि वाळू एका बुटक्या बंधाऱ्यावरून निघून जाते. शेजारच्या देवळात सहा अक्षरं कोरलीयेत, अर्थ असा: पात्र खोल उपसा, बंधारा बुटका ठेवा. बस. कारण एवढं करूनही थोडा गाळ साठतोच, तो पूर्वी दर हिवाळ्यात पाणी अडवून माणसं काढायची. आणि किती खोल काढायचा याची खूण म्हणून पात्रात लोखंडाच्या जाड पहारी आडव्या पुरलेल्या. लोखंड दिसलं की थांबायचं. कमी काढलं तर शेतीला पाणी पुरत नाही, जास्त काढलं तर पूर.

आमच्या गावाकडे विहिरीचा गाळ उन्हाळ्यात काढतात, आजोबा दोरीला घमेलं बांधून खाली उतरायचे, वर आम्ही पोरं ओढायला. त्या बंधाऱ्याजवळ उभा राहून मला एकदम ती विहीर आठवली. गाळ काढून विहिरीत पाणी कुणी घालत नाही ना. झरा असतोच. तो बुजलेला असतो. ताओवाले म्हणतात साधना म्हणजे हेच, आणि १६व्या प्रकरणात त्याला मुळाकडे परत जाणं म्हटलंय.

दुसरं उत्तर: नीट आणि जास्त जगणं. हे आपल्याला जरा खटकतं. आपल्याकडे देह नाशिवंत, त्याचं काय एवढं, असं ऐकत आपण मोठे होतो, आणि जन्म-मरणाच्या फेऱ्यातून सुटणं हे ध्येय. मूळ ताओ परंपरेत शरीर म्हणजे ज्यातून सुटायचं अशी जागा नाही, तिथेच काम करायचंय. म्हणून श्वास, आहार, झोप, व्यायाम हे सगळं साधनेतच येतं, 'आधी तब्येत मग अध्यात्म' अशी वाटणी नाही. काहींनी ही गोष्ट अमर होण्यापर्यंत ताणली. चौथ्या शतकातला गे होंग पारा आणि हिंगुळ यांपासून अमरत्वाचं औषध कसं करायचं ते लिहून गेलाय, आणि पुढे तांग घराण्याचे काही सम्राट असल्या औषधांनी खलास झाले. याच्या उलट, १२२२ मध्ये चंगीझ खानाने चिउ चूजी नावाच्या सत्तरी ओलांडलेल्या ताओ साधूला पार हिंदुकुशच्या भागात बोलावून घेतलं आणि विचारलं, अमर व्हायचं औषध आणलंय का. म्हातारा म्हणाला, आयुष्य जपायचे उपाय आहेत, अमर करणारं औषध नाही. चंगीझ खानासमोर हे बोलायला छाती लागते!

तिसरं उत्तर मला सगळ्यात उशिरा कळलं आणि आता सगळ्यात आवडतं. संघटित ताओ धर्म सुरू झाला तो सिच्वानमध्ये, परंपरेनुसार इ.स. १४२ मध्ये झांग दाओलिंगपासून. सभासद होताना पाच मापं तांदूळ द्यायचे, म्हणून त्यांना पाच माप तांदूळवाले म्हणायचे. आजारी माणसाला ते शांत खोलीत बसवून आपल्या चुका आठवायला लावायचे. मग कबुलीचे तीन कागद: एक डोंगरावर ठेवायचा, एक जमिनीत पुरायचा, एक पाण्यात सोडायचा. झांग दाओलिंगच्या नातवाने, झांग लूने, शेजारच्या हानझोंग भागात इ.स. २१५ पर्यंत जवळजवळ राज्यच चालवलं, तिथे छोट्या गुन्ह्याला शिक्षा काय, तर शंभर पावलं रस्ता दुरुस्त करायचा. ज्यांच्या धर्माचं नावच रस्ता, त्यांची शिक्षा पण रस्ता! वाटसरूंसाठी धर्मशाळा होत्या, तांदूळ आणि मांस टांगलेलं, पोटापुरतं घ्या, जास्त घेतलंत तर भुतं आजारी पाडतील.

म्हणजे साधना एकट्याने डोळे मिटून करायचीच असं नाही. गावाशी, पूर्वजांशी, नदी-डोंगराशी जे बिघडलंय ते सुधारणं हीपण साधनाच. आजही देवळात गेलात तर बहुतेक माणसं याच कामासाठी आलेली दिसतील, ध्यानाला नाही.

३. काय काय लागेल

घरी सुरू करायला:
– लाओत्सेच्या पुस्तकाची दोन वेगवेगळी भाषांतरं (एक नको, कारण खाली सांगतो)
– सैल कपडे, सपाट तळव्याचे बूट किंवा अनवाणी
– घडी केलेलं ब्लँकेट किंवा साधी खुर्ची, महागडं कुशन अजिबात घेऊ नका
– वही

चीनला जाणार असाल तर:
– पासपोर्ट कायम जवळ, ट्रेनचं तिकीट त्यावरच निघतं आणि बऱ्याच ठिकाणी बुकिंगलाही लागतो
– फोनवर पैसे भरायचं तिथलं ॲप, भारतातूनच सेट करून ठेवा
– भाषांतराचं ॲप, ऑफलाइन डाउनलोड करून, डोंगरावर रेंजचा भरवसा नाही

४. वाचन, पण थोडंच

लाओत्सेचं पुस्तक, दाओ द जिंग, म्हणजे ८१ प्रकरणं आणि मूळ चिनीत जेमतेम पाच हजार अक्षरं. एका बैठकीत संपतं आणि तीच अडचण आहे. एका बैठकीत वाचलं की सगळं व्हॉट्सॲपच्या सुविचारासारखं वाटतं. रोज एक प्रकरण, दोन भाषांतरं शेजारी ठेवून. जिथे दोघांचं जुळत नाही तिथे वहीत खूण करा, कारण तिथे मूळ वाक्यच अनेक बाजूंनी उघडं असतं. पुस्तक स्वतःसुद्धा एका रूपात आलेलं नाही. १९७३ मध्ये मावांगदुईच्या थडग्यात रेशमावर लिहिलेल्या प्रती सापडल्या, त्यांत पुस्तकाचा दुसरा अर्धा भाग आधी आहे. तेव्हा 'मूळ अर्थ हाच' म्हणणाऱ्यापासून चार हात लांब.

दुसरं पुस्तक च्वांगत्सूचं, हाही जुना ताओ विचारवंत. यात गोष्टी आहेत, विनोद आहे. सगळी ३३ प्रकरणं नकोत, पहिली सात पुरेत. त्यातली खाटकाची गोष्ट नीट वाचा. एक स्वयंपाकी राजासमोर बैल कापतोय. तो म्हणतो साधा खाटीक महिन्याला सुरी बदलतो, चांगला वर्षाला, माझी १९ वर्षं झाली, हजारो बैल झाले, पातं अजून नुकतं धार लावल्यासारखं. का, तर तो हाडावर घाव घालत नाही, सांध्यातल्या मोकळ्या जागेतून सुरी फिरवतो.

इथे लोक थांबतात आणि म्हणतात वा, वू वेइ म्हणजे सहज, काही करायचंच नाही. सगळ्यात मोठा सापळा हा. पुढे वाचा. अवघड गाठ आली की तो स्वयंपाकी सावध होतो, नजर स्थिर करतो, हात अगदी हळू चालवतो. आणि सहजपणा १९ वर्षांनी आलाय. आमच्या टीममध्ये एक जण 'गो विथ द फ्लो' म्हणत डेडलाइन चुकवायचा आणि ताओचं नाव सांगायचा. त्याला ही गोष्ट चिकटवून दिली होती.

५. बसायचं कसं

च्वांगत्सूमध्ये दोन शब्द येतात. एक 'मनाचा उपास', म्हणजे कानाने नको, मनाने पण नको, ची ने (श्वास-ऊर्जेने) ऐक, मोकळा होऊन ऐक. आणि दुसरा 'बसणं आणि विसरणं', झुओवांग. गोष्ट अशी की यान हुई हा कन्फ्यूशियसचा लाडका शिष्य येऊन सांगतो, गुरुजी माझी प्रगती झाली, मी दया आणि कर्तव्य विसरलो. छान, अजून बाकी आहे. परत येतो, मी विधी आणि संगीत विसरलो. छान, अजून बाकी. मग म्हणतो, मी बसतो आणि विसरतो. हात-पाय गळून पडले, हुशारी गेली. तेव्हा कन्फ्यूशियस म्हणतो, आता मीच तुझा शिष्य होतो. काय क्रम आहे बघा. आधी चांगुलपणाचा अभिमान जातो. आपण सुरुवात करतो ती मोबाइल विसरण्यापासून, आणि 'मी किती शांत झालोय' हे मात्र घट्ट धरून ठेवतो.

करायचं असं:

बसा. खुर्चीवर चालेल, तळवे जमिनीला टेकलेले. पाठ सरळ पण छाती पुढे काढलेली नको, शाळेतल्या 'सावधान' सारखं नाही. हात मांडीवर, एकावर एक. जीभ वरच्या दातांच्या मागे टाळूला हलकी लावून ठेवा.

श्वास नाकाने, आपल्या लयीत. लक्ष बेंबीच्या दोन-तीन बोटं खाली, पोटाच्या आत, याला खालचं दानतियान म्हणतात. लक्ष 'ठेवायचं', रोखायचं नाही. मांजर उन्हात झोपलेलं असतं आणि तरी त्याला सगळं ऐकू येतं ना, तसं.

विचार आला की हाकलू नका. आला, बरं, आणि पुन्हा पोटाकडे. पंधरा मिनिटं. उठायच्या आधी तळहात एकमेकांवर घासून चेहऱ्यावरून फिरवा. मग लगेच फोन उचलू नका, ही माझी सूचना, प्राचीन काही नाही.

मी सुरुवातीला प्राणायामाच्या सवयीने श्वास मोजायचो, रोखायचो, आणि डोकं जड व्हायचं. देवळातल्या एका वयस्कर बाईंनी, त्या दाओशी म्हणजे ताओ पुजारी होत्या, माझ्याकडे बघून भाषांतराच्या ॲपवर एकच वाक्य टाइप केलं: 'तुम्ही काम करताय.' मला आधी ते कौतुक वाटलं.

६. हलायचं कसं

बादुआनजिन. याचा अर्थ रेशमी कापडाचे आठ तुकडे, म्हणजे आठ व्यायाम. दोन्ही हातांनी आकाश उचलणं, डावी-उजवीकडे धनुष्य ओढणं, एक हात वर एक खाली, मान वळवून मागे बघणं, खाली बसून डोकं-कंबर डोलवणं, वाकून पाय पकडणं, मुठी आवळून डोळे वटारणं, आणि शेवटी टाचा उचलून सात वेळा आपटणं. पंधरा मिनिटांत होतं. हे फक्त ताओवाल्यांचं नाही, सगळ्या चीनचं आहे, पण शरीर सैल करायला याच्यासारखं दुसरं नाही.

चेंगदूच्या बागांमध्ये सकाळी आजी-आजोबा करत असतात, मागे जाऊन उभं राहिलं की झालं, कुणी काही म्हणत नाही. मी मागे उभा राहून पंधरा दिवस केलं, सातव्या व्यायामाला डोळे वटारले की समोरच्या आजी हसायच्या.

ताई ची करायचं असेल तर २४ हालचालींचा संच बहुतेक ठिकाणी शिकवतात. तो १९५६ मध्ये सरकारी क्रीडा खात्याने सोपा करून बसवलाय, त्यामुळे कुणी 'दोन हजार वर्षांचा गुप्त संच' म्हणून विकत असेल तर हसून पुढे चला. संच चांगलाच आहे. आणि गुडघा: पायावर वजन असताना गुडघ्यातून वळू नका, कंबरेतून वळा, गुडघा पंजाच्या दिशेतच राहू द्या. माझ्या डाव्या गुडघ्याने हे मला चार महिने फिजिओथेरपी करून शिकवलं.

७. अंतर्गत रसायन, म्हणजे नेइदान: इथे घाई नको

पारा खाऊन माणसं मरत होती, दुसरीकडे शरीराच्या आतच भट्टी मानून काम करणारी परंपरा वाढली. जिंग म्हणजे बीजशक्ती, ची म्हणजे श्वास-ऊर्जा, शेन म्हणजे जाणीव. पहिल्याचं दुसऱ्यात, दुसऱ्याचं तिसऱ्यात रूपांतर करायचं आणि शेवटी ते शून्यात परत सोडायचं. इथेही दिशा 'परत' अशीच, बघा. भाषा सगळी सांकेतिक: शिसं, पारा, वाघ, ड्रॅगन, भ्रूण. १०७५ च्या सुमाराचं झांग बोदुआनचं काव्य याचा मोठा आधार मानतात, पण गुरूशिवाय ते कोड्यांचं पुस्तक आहे.

आपल्या लोकांना इथे मोह होतोच. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातली कुंडलिनी वाचलेली असते, नाथपंथ माहीत असतो, आणि वाटतं हेच ते. साम्य आहे, नाकारत नाही. पण नेइदानच्या एका प्रसिद्ध पद्धतीत ऊर्जा पाठीवरून वर जाते आणि पुढून खाली पोटात परत येते, गोल. वर नेऊन सोडून द्यायची नाही. एकाचा नकाशा घेऊन दुसऱ्याच्या गावात फिरलात तर डोक्यात दाब, झोप उडणं, घाबरल्यासारखं होणं हे सुरू होतं. चिनीत त्याला खास शब्द आहे, अर्थ साधारण 'आग भरकटली, भूत शिरलं'. असं काही वाटलं तर बंद करा, चाला, पोटभर जेवा, आणि त्रास थांबला नाही तर डॉक्टरकडे जा. कुठलीही गोळी, चूर्ण, 'ताओ एलिक्सर' ऑनलाइन मागवू नका. सम्राटांचं काय झालं ते वर लिहिलंय.

८. देवळात जाताना

चेंगदूचं चिंगयांग गोंग सुरुवातीला उत्तम. कथा अशी की लाओत्सेने ज्या खिंडीतल्या अधिकाऱ्यासाठी पुस्तक लिहिलं त्याला सांगितलं, पुढे मला चेंगदूच्या हिरव्या बोकडाच्या बाजारात शोध. म्हणून तिथे पितळी बोकड आहेत. त्यातल्या एकाच्या अंगात चिनी बारा राशींचे बारा प्राणी म्हणे, कुणाचे कान, कुणाचं नाक. लोक आपलं जे दुखतं तो भाग बोकडाचा चोळतात, त्यामुळे अंग आरशासारखं झालंय. मी अर्थातच गुडघा.

नियम थोडे आहेत. उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडून जायचं (हे आपल्याला सांगायला नकोच). उदबत्त्या तीनच, गठ्ठा पेटवून दाखवायची गरज नाही. डाव्या हाताने उजवा हात झाकून नमस्कार. मूर्तींकडे बोट दाखवायचं नाही, आतले फोटो काढायचे नाहीत. मुख्य गाभाऱ्यात तीन मूर्ती दिसल्या तर ते तीन शुद्ध, सगळ्यात वरचे, लाओत्सेचं दैवी रूप त्यातलं एक. सकाळच्या पाठाची वेळ विचारून घ्या. शांततेवरचं एक छोटं सूत्र ते रोज घंटा आणि लाकडी मासा (माशाच्या आकाराचं पोकळ लाकडी वाद्य) यांच्या तालावर म्हणतात, अर्थ न कळता अर्धा तास उभं राहिलात तरी चालेल. मला काकड आरतीची आठवण यायची.

९. गुरू आणि दीक्षा

दोन मोठे पंथ. झेंगयी: झांग दाओलिंगची गादी सांगणारा, केंद्र जियांगशीतला लोंगहू डोंगर, पुजारी लग्न करू शकतात, घरी राहतात, विधींवर भर. आणि चुआनझेन: १२व्या शतकात वांग चोंगयांगने काढलेला, मठात राहणारे, ब्रह्मचारी, शाकाहारी, केसांचा बुचडा, नेइदानवर भर. चंगीझ खानाला भेटलेला चिउ चूजी याच वांगचा शिष्य. तुमचा 'मास्टर' कुठल्या पंथाचा, कुठल्या मठाचा, हा पहिला प्रश्न विचारा. खरा माणूस सरळ सांगतो. चीनमध्ये १९५७ पासून ताओ संघटना आहे आणि अधिकृत दाओशीकडे ओळखपत्र असतं.

मी विचारलं नव्हतं. एका पर्यटनाच्या ठिकाणी लांब दाढीवाल्या माणसाने सात दिवसांत 'लेव्हल तीन' चं सर्टिफिकेट द्यायचं कबूल केलं, मी भरले पैसे. सर्टिफिकेट मिळालं, लॅमिनेट केलेलं. ताओमध्ये लेव्हल तीन असं काही असतं का हे मी नंतर त्या देवळातल्या बाईंना विचारलं, त्यांनी आधी कागद वाचला, मग उलटा करून मागची बाजू वाचली, आणि मला चहा दिला.

नेहमी विचारले जाणारे थोडे प्रश्न

मांसाहार सोडावा लागतो का? मठात राहायचं नसेल तर नाही. कमी खा, रात्री हलकं खा.

आपले देव, कुळाचार सोडायचे का? कुणीही तसं सांगत नाही. चुआनझेनचा संस्थापक तर आपल्या लोकांना लाओत्सेबरोबर बौद्ध सूत्र आणि कन्फ्यूशियन ग्रंथही वाचायला सांगायचा.

रोज किती वेळ? पंधरा मिनिटं हलणं, पंधरा बसणं. तासभर बसायची इच्छा झाली तर अर्ध्या तासावर उठा. ते लोखंड आठवा.

फरक कधी दिसतो? मला पहिला फरक साधारण आठ महिन्यांनी दिसला आणि तो मला नाही, बायकोला दिसला. ती म्हणाली तू हल्ली ट्रॅफिकमध्ये हॉर्न वाजवत नाहीस.

आणि जमलं तर दुजियांगयानला एप्रिलच्या सुरुवातीला जा, चिंगमिंग या पूर्वजांच्या सणाच्या आसपास, तेव्हा पाणी सोडण्याचा जुना सोहळा करून दाखवतात. लाकडी तिकाट्यांचा तात्पुरता बांध दोरीने ओढून मोडतात आणि पाणी धावत सुटतं. गर्दी मरणाची असते. ट्रेनचं तिकीट आधी काढा आणि पासपोर्टचा नंबर दोनदा तपासा, माझा एक आकडा चुकला होता आणि गेटवर अडकलो, आत पोचलो तेव्हा तिकाट्या मोडून झाल्या होत्या, पाणी तेवढं चाललं होतं.